बॅरलांवरचा देव

२०० लिटरचं रिकामं प्लॅस्टिकचं बॅरल बुडवणं ही सोपी गोष्ट नाही. बुचं घट्ट लावून ते पाण्यात सोडा, वरून दाबा, हवं तर मेव्हण्याला त्यावर बसवा. ते एक गिरकी घेतं, मेव्हण्याला पाण्यात टाकतं आणि पुन्हा वर येऊन डुलायला लागतं. बॅरलाचं स्वतःचं वजन आठ-नऊ किलो. पूर्ण पाण्याखाली गेलं तर ते २०० किलो पाणी बाजूला सारणार. वजाबाकी केली की एका बॅरलामागे १९० किलो ओझं पेलायची ताकद उरते. हा हिशोब आर्किमिडीजने बावीसशे वर्षांपूर्वीच मांडून ठेवला आहे. तरंगणाऱ्या वस्तूंवर त्याने दोन भागांचा ग्रंथ लिहिला. काय तरंगेल, किती बुडेल, कललेली वस्तू पुन्हा सरळ कधी होईल, सगळं त्यात आहे. फक्त त्या वस्तूवर चढलेली माणसं फोटोसाठी एकाच बाजूला जमली तर काय होईल, ते नाही. ग्रीकांकडे मोबाइल नव्हते, आणि बहुधा भावकीही आमच्याएवढी नसावी.

ग्रंथातून राहून गेलेल्या या प्रकरणाचा प्रयोग तमिळनाडूत, कुंभकोणमला, पाण्यावर होतो. महिना मासी, म्हणजे आपला फेब्रुवारी-मार्च. सारंगपाणी मंदिराचं पोट्रामरै कुळम नावाचं तळं आहे. त्या तळ्यात तराफा बांधतात, तराफ्यावर मंडप उभारतात, मंडपाला दिव्यांच्या माळा सोडतात आणि रात्री उत्सवमूर्ती त्यात बसून पाण्यावर फेऱ्या मारते. याला तेप्पम म्हणतात. विष्णू क्षीरसागरात शेषावर पहुडलेला आपण कॅलेंडरवर बघतो. इथला क्षीरसागर चौकोनी आहे, त्याला चारही बाजूंनी दगडी पायऱ्या आहेत आणि शेषाची ड्यूटी बॅरलांकडे आहे.

गाव कावेरीच्या काठावर असताना देवाला तळ्यात कशाला फिरवायचं, नदीत का नाही, असं विचारणारा मी पहिला नसेन. उत्तर नदीच देते. मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटतं, तेही धरणात असेल तर, आणि जानेवारीअखेर बंद होतं. मासी महिन्यात कावेरी म्हणजे पुलाखालची वाळू आणि त्या वाळूत पोरांनी रोवलेले स्टंप. नदीत तेप्पम बांधला तर देवाला धाव काढून घ्यावी लागेल.

आता मी तिथे कसा, ते सांगतो. कुंभकोणम मराठी माणसाला तसं परकं नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे सतराव्या शतकात तंजावरच्या गादीवर बसले आणि भोसल्यांचं ते घराणं १८५५ पर्यंत तिथे टिकलं. त्यांच्या आगेमागे गेलेली देशस्थ घरं अजून त्या भागात आहेत. घरात बोलतात ती मराठी आपल्याला निम्मी कळते आणि उरलेल्या निम्मीवर आपण मान डोलावतो. सर टी. माधवराव इथलेच, जन्म १८२८चा. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. म्हणजे इथला मराठी माणूस वर गेला तो राज्यं सांभाळायला. आणि वरचा मराठी माणूस हल्ली खाली येतो तो सोनं गाळायला.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं गेल्या कित्येक पिढ्या देशभर सोन्या-चांदीच्या गलाईचा धंदा करतात. भारतातल्या कुठल्याही सराफकट्ट्यामागच्या बोळात शिरा, भट्टीच्या धगीतून कुणीतरी ‘पाव्हणं कुठलं?’ असं विचारतंच. माझा मामेभाऊ त्यातलाच, त्याची भट्टी कुंभकोणमला. आम्ही त्याला दादा म्हणतो, तिथले आसारी, म्हणजे सोनार, त्याला सेट म्हणतात. तो मुशीत दागिना वितळवतो, तेजाबात घालतो, आणि सोनं किती टंचाचं निघालं ते हजारात मोजून सांगतो. भट्टीपुढची झाडलेली राखसुद्धा तो फेकत नाही, तीही गाळतो. गुंजभर घट आली तर रात्री त्याला जेवण जात नाही.

असा हा माणूस पाण्याच्या बाबतीत मात्र संपूर्ण अंदाजपंचे आहे. त्याला कारण आमचं गाव. आमच्याकडे पोहायला शिकायचं वय विहीर ठरवायची. ज्या वर्षी तिला पाणी, त्या वर्षी घरातली सगळी पोरं, पाच वर्षांची काय आणि पंधरा वर्षांची काय, एकदम पोहायला शिकायची. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, नाहीतर वाळका भोपळा, आणि मागून कुणीतरी थोरल्या भावाने ढकलायचं. पुढचं डबा बघून घेई. कुंभकोणमला बॅरलं बांधलेला तो मंडप पाहिला तेव्हा दादाला सगळा प्रकार एका क्षणात समजला. ‘‘आरं, देवाच्या पाठीला डबाच बांधलाय की!’’

बांधणी चालू झाली तसा दादा भट्टी लवकर विझवून रोज संध्याकाळी तळ्यावर जाऊन बसू लागला, आणि मी पाहुणा असल्यामुळे मलाही जावं लागलं. पायऱ्यांवर बॅरलांची रास. उथळ पाण्यात ती आडवी करून त्यांच्या रांगा लावायच्या. रांगांच्या मधून आणि वरून लाकडाचे वासे टाकायचे, सुरूचे नाहीतर बांबूचे सोट आडवे घालायचे, दोरीने करकचून आवळायचं, आणि एक रांग दुसरीला जोडत जायचं. वर फळ्या ठोकल्या की चांगलं अंगण तयार होतं. आडव्या बॅरलाचं बूच नेहमी वरच्या अंगाला ठेवतात. ते पाण्याच्या रेषेखाली गेलं आणि आतली वायसर जुनी असली, तर बॅरल गुपचूप पाणी पिऊ लागतं. एक बॅरल प्यायलं की तो कोपरा खचतो. कोपरा खचला की वरची माणसं घाबरून काय झालं ते बघायला त्याच कोपऱ्यात येतात.

बांधकामाचा प्रमुख एक वयस्क मेस्त्री होता. लुंगी दुमडलेली, कानावर पेन्सिल, आणि ती पेन्सिल मी एकदाही खाली उतरलेली पाहिली नाही. नकाशा नव्हता, कागद नव्हता. दादाने त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, एकूण किती टन पेलेल? मेस्त्री तळ्याकडे बघून म्हणाला, ‘‘पाक्कलाम.’’ म्हणजे बघू या. मंडप किती उंच? पाक्कलाम. वर किती माणसं चढणार? या प्रश्नावर मात्र तो थांबला, दादाकडे नीट बघितलं आणि लांबलचक बोलला. दादाने मला त्याचं भाषांतर करून सांगितलं: ‘‘म्हणतोय, देवाला वजन नसतंय. भक्तांस्नी असतंय.’’

मला वाटतं, नौकानयनाच्या कुठल्याही महाविद्यालयात पहिल्या तासाला हे सांगायला हवं.

कारण बॅरलांचं गणित करायला कुणीही करतं. चाळीस बॅरलं गुणिले १९०, म्हणजे साडेसात टन. साठ किलोचा माणूस धरला तर सव्वाशे माणसं उभी राहतील, असं कागद म्हणतो. त्यातलं लाकूड, फळ्या, मंडप, जनरेटर यांचं वजन वजा करायला माणूस विसरतो. जाणता माणूस बॅरलाची निम्मीच ताकद हिशोबात धरतो, म्हणजे बॅरलं निम्मी पाण्याबाहेर राहतात, फळ्या कोरड्या राहतात आणि अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी काही शिल्लक उरते. पण हे झालं बुडण्याचं. तराफे बुडतात कमी, कलंडतात जास्त. तराफा एका अंगाला झुकला की त्या अंगाची बॅरलं खोल जातात, जास्त जोराने वर रेटतात आणि त्याला पुन्हा सरळ करतात. म्हणून तो रुंद हवा. मात्र वर उंच मंडप असेल, मंडपाला कळस असेल, कळसाला माळा असतील, आणि खालची सगळी मंडळी एका काठाला धावली, तर त्या काठाची बॅरलं पुरती बुडतात आणि आणखी रेटायला त्यांच्याकडे ताकद उरत नाही. थोडक्यात, बॅरल आपलं काम चोख करतं. ज्याला काही काम नसतं तो घोटाळा करतो.

दादाचा दुसरा आक्षेप दोरीवर होता. एवढ्या मोठ्या सांगाड्यात खिळे एवढे कमी कसे? नटबोल्ट का नाहीत? आमच्याकडे मांडव घालतानाही तार वापरतात. मेस्त्रीने या वेळी पाक्कलाम म्हटलं नाही. त्याने दादाला हाताला धरून अर्धवट झालेल्या तराफ्यावर उभं केलं आणि स्वतः पलीकडच्या टोकाला जाऊन दोन उड्या मारल्या. लाटेबरोबर सबंध चौकट नागमोडी हलली, प्रत्येक गाठ कुरकुरली आणि पुन्हा जागेवर आली. दादा तेवढ्यात खाली बसला होता, दोन्ही हातांनी फळी धरून. पाणी हलणार, मग लाकडालाही थोडं हलू द्यायला हवं, असं मेस्त्रीचं म्हणणं. खिळा हलू देत नाही. तो दर झोक्याला आपलं भोक मोठं करतो आणि मग एका मध्यरात्री निघून येतो. दादाला हे पटलं, कारण उठताना त्याचे पाय लटपटत होते.

पुढे मुक्कामभर तळ्याच्या पायऱ्यांवर तांत्रिक सल्लागारांची संख्या वाढत गेली. पितळी डबऱ्यातली कॉफी संपवून येणारे निवृत्त बँक मॅनेजर, पानवाला, कॉलेजची पोरं. हे श्रीनिवास रामानुजन यांचं गाव आहे. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर त्यांचं घर जपून ठेवलं आहे, आणि त्या घरापासून एवढ्या जवळ बॅरलं तोंडी मोजायची म्हणजे मोजणाऱ्याच्या अंगात थोडं रामानुजन येतंच. प्रत्येकाचं उत्तर वेगळं होतं आणि प्रत्येक जण पायरीवर वाकून, बोट रोखून ते सांगत होता. मेस्त्री कुणालाच नाही म्हणाला नाही. सगळ्यांचे सल्ले त्याने ऐकून घेतले आणि त्याला हवं तेच बांधलं. कोकणात काय, घाटावर काय, चांगल्या मिस्त्रीची खूण हीच.

उत्सवाच्या रात्री तराफा ओळखू येईना. बॅरलं झालरीमागे गडप, वासे रंगीत कापडात गुंडाळलेले, फळ्यांवर सतरंज्या. सारंगपाणीची गर्भगृहातली मूर्ती शयनावस्थेत आहे, पण पुरती आडवी नाही. ती किंचित उठू बघते आहे. तिरुमळिसै आळ्वार या संताने उठून बोल म्हटलं म्हणून देव उठू लागला, असं सांगतात. या देवाचं गर्भगृहही रथाच्या आकाराचं आहे, दगडी चाकं, घोडे, हत्ती यांसह. म्हणजे झोपायला रथ, चालवायला लाकडी महारथ, आणि सहलीला तेप्पम. वाहनांच्या बाबतीत इतका सोयीचा संसार मी दुसऱ्या कुठल्या देवाचा पाहिलेला नाही.

उत्सवमूर्ती वाजतगाजत आली. मूर्ती चढली तेव्हा तराफा जेमतेम हलला. भट्टर, म्हणजे पुजारी, चढले, थोडा दबला. मग नादस्वरम् आणि तविलवाले चढले आणि मेस्त्री जागा झाला. तविल वाजवणारे दोघे अंगापिंडाने भरलेले. त्याने एकाला डाव्या कोपऱ्यात बसवलं, दुसऱ्याला उजव्या, मग जरा मागे सरकून बघितलं, डाव्याला वीतभर पुढे घेतलं, आणि तराफा पाण्याच्या रेषेत आला. तालाशी याचा काही संबंध नव्हता. दोघेही मुकाट्याने सरकले. त्यांना सवय असावी. काठावरून माणसांनी दोर ओढायला सुरुवात केली. तराफ्यावरची पोरं लांब बांबू लावून तो पायऱ्यांपासून दूर ठेवत होती. अग्निशमन दलाचे जवान ट्यूब घेऊन उभे होते आणि त्यांचं लक्ष तराफ्यापेक्षा पायऱ्यांवर जास्त होतं. ते बरोबरच होतं. तराफ्यावर एक मेस्त्री तरी होता. पायऱ्यांवर हजारो माणसं मोबाइल वर धरून पुढे झुकली होती आणि त्यांना सरकवायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या फेरीला, जिथे टीव्हीचा कॅमेरा होता त्या बाजूला तराफा आला आणि अपेक्षेप्रमाणे वरचे सगळे मानकरी त्या काठाला आले. चेहरे प्रसन्न. झालर पाण्याला टेकली. मेस्त्री ओरडला. काय ओरडला ते दादाने भाषांतर करून सांगायचं नाकारलं, पण मानकरी तत्क्षणी मध्यभागी गेले आणि पुढच्या सगळ्या फेऱ्यांमध्ये फोटो मधूनच काढले.

तिरुवारूरला हाच सोहळा आणखी मोठा होतो. तिथलं कमलालयम तळं मंदिराच्या तोडीस तोड प्रचंड, मधोमध बेटावर देऊळ, आणि तेप्पमवर गाण्याची मैफलसुद्धा. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री या तिघांचाही जन्म तिरुवारूरचा, त्यामुळे बॅरलांनाही तिथे सुरात डुलावं लागत असेल. मदुरैला तिरुमल नायकाच्या वेळेपासूनचं तेप्पकुळम आहे. तिथे तै पूसमला मीनाक्षी आणि सुंदरेश्वर मधल्या मंडपाभोवती फिरतात. आणि आपण हसायचं कारण नाही. गिरगाव चौपाटीवर दर वर्षी आपणही देवाला तराफ्यावर चढवतोच. फरक एवढा की तिथे समुद्र आहे आणि समुद्र मेस्त्रीचं ऐकत नाही. २०२५ साली लालबागच्या राजासाठी नवा यांत्रिक तराफा आणला होता, भरतीने वेळापत्रक उधळलं आणि सकाळचं विसर्जन रात्रीवर गेलं. त्या दिवशी मुंबईतल्या प्रत्येक घरात, कोचावर बसलेल्या प्रत्येक काकांना, तराफा नेमका कुठे आणि कधी लावायला हवा होता ते पाठ होतं.

दादाचं डोकं मात्र तेप्पम संपायच्या आतच आटपाडीला पोचलं होतं. गावी त्याची डाळिंबाची बाग आहे आणि शेजारी शेततळं, तीस मीटर बाय तीस मीटर, तळाला प्लॅस्टिकचा कागद. भरलं की वीस लाख लिटरच्या आसपास पाणी. त्याच्या भाषेत तो आमच्या घराण्यातला पहिला समुद्र. अडचण अशी की उन्हाळ्यात पाणी खाली जातं, काठावरच्या मोटरीची ओढ कमी पडते आणि फूट व्हॉल्व्ह तळाचा गाळ ओढायला लागतो. मोटरच पाण्याबरोबर खाली-वर झाली तर? उजनीच्या फुगवट्यावर कितीतरी शेतकरी बॅरलांवर मोटर ठेवतातच. शिवाय शेततळ्यात माणूस बुडतो त्याचं कारण त्या प्लॅस्टिकच्या कागदातच आहे: उतारावर पाय ठरत नाही, पोहता येणारा माणूसही बाहेर निघू शकत नाही. एखादा तरंगता ओटा आणि काठापर्यंत दोर असेल तर धरायला काही तरी मिळतं. आणि पाणी आटलं की तराफा थेट कागदावर टेकणार, म्हणजे खालून एकही खिळा बाहेर आलेला चालणार नाही, लोखंडी बॅरलाची कड चालणार नाही. प्लॅस्टिकची बॅरलं आणि दोरीच्या गाठी. मेस्त्रीच्या दोन उड्या फुकट गेल्या नाहीत.

वहिनीचा विरोध फक्त एका मुद्द्यावर होता. बॅरलं तेजाबाची नकोत. दादाच्या दुकानात तसले कॅन ढिगाने असतात आणि फुकटचं सोडणं त्याच्या रक्तात नाही. ‘‘बाग जाळायची का?’’ एवढंच ती म्हणाली, आणि बॅरलं गावच्या भंगारवाल्याकडून, गुळाच्या काकवीची, धुऊन घ्यायची ठरली.

मग रात्री, गल्ल्यावरच्या लाल वहीच्या शेवटच्या पानावर, दादाने हिशोब मांडला. पाच हॉर्सपॉवरची मोटर पन्नास-साठ किलो, लाकूड, पाइपातलं पाणी, देखभालीला चढणारा एक माणूस. निम्म्या ताकदीच्या नियमाने चार बॅरलं. मी म्हटलं, झालं की. दादाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘‘आणि नारळ कोण फोडणार?’’

नारळ फोडायला सरपंच. सरपंच चढला की सोसायटीचे चेअरमन चढणार. पूजा सांगायला गुरुजी. थोरल्या आत्यांचे यजमान, कारण लग्नात त्यांना फेटा मिळाला नव्हता तो राग अजून आहे. मोबाइलवाला पुतण्या. आणि तिन्ही चुलते. बॅरलं चारावरून आठ झाली, आठावरून बारा. मी तोलाचा प्रश्न काढला: पुतण्याने मोबाइल काढला की सगळे एका बाजूला येणार, आणि तिथे मेस्त्री नाही.

‘‘येत न्हाईत,’’ दादा ठामपणे म्हणाला. ‘‘थोरल्या आणि मधल्या काकांचं बांधावरनं वीस वर्सं बोलणं न्हाई. एक डाव्या काठाला गेला की दुसरा आपसूक उजव्या काठाला जातोय.’’

धाकट्या काकांनी अजून कुठली बाजू घ्यायची ते ठरवलेलं नाही, म्हणून दादाने दोन बॅरलं सुटी ठेवली आहेत.